वाघ्या घेवड्याचा दाणा

ओहो फ्रिओ, न्यू मेक्सिको
१२ ऑक्टोबर २००३

कोरीना,

अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकणार असशील, तर आधी आतला फोटो तेवढा काढून घे. ती येसेनिया, माझ्या रुबेनची मुलगी. तेरा वर्षांची आहे. नाक आपल्या आईचं घेतलंय आणि हट्ट तुझा. रुबेन आणि त्याची बायको दोघंही सांता फेला नोकरीला, म्हणून सोमवार ते शुक्रवार पोरगी माझ्याकडे असते. हे पत्रही तिच्यामुळेच लिहावं लागतंय. मी आपणहून लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

शाळेने त्यांना प्रकल्प दिलाय, स्पॅनिश काळातल्या जुन्या मिशन-चर्चवर. एकेकाने एकेक मिशन निवडायचं, शोध घ्यायचा, आणि मे अखेरपर्यंत सगळं लिहून द्यायचं. बाकीच्या मुलांनी पोस्टकार्डावर असतात ती मोठमोठी मिशनं पटकावली. आमच्या बाईसाहेबांनी आपलं सांता गेर्त्रूदिस घेतलं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय आहे? चार भिंती आणि एक घंटा, तीही चिरलेली." तर म्हणते, "आजी, तीनशे वर्षांचं आहे ते. आणि मला चालत जाता येतं."

शाळेतल्या बाईंनी छापील कागद दिलाय, त्यावर पाच प्रश्न. मिशन कोणी बांधलं? केव्हा? कशाचं? पुढे त्यात काय बदल झाले आणि ते कोणी केले? आज त्याची अवस्था कशी आहे? 'कशाचं' पुढे येसीने लिहिलं, सिमेंटचं. जन्मापासून तिने तेच पाहिलंय, तिची काय चूक? बाईंनी लाल पेनाने विचारलं, 'तीनशे वर्षांपूर्वी सिमेंट?' पोरगी घरी आली ती फणफणतच. मग मला सांगणं भाग पडलं, की आत सगळ्या मातीच्या कच्च्या विटा आहेत, आणि एकोणसत्तर सालापर्यंत बाहेरूनही मातीचाच गिलावा होता. दर जूनमध्ये गावातल्या बायका नव्याने लिंपायच्या.

"तू पण?"

"मी पाणी आणायचे. आई लिंपायची, आणि माझी बहीण."

"तुला बहीण आहे?"

तर असं आहे बघ. तेरा वर्षांत मी तुझं नाव घरात काढलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आम्ही दोघींनी कोंबड्यांच्या खुराड्यावर लिंपून बघितलं. माती लाल टेकडीमागच्या खड्ड्यातली, वाळू ओढ्यातली, गव्हाचा पेंढा. तिसऱ्या दिवशी सगळं तडकलं. चौथ्या दिवशी कोंबड्यांनी टोचून टोचून पेंढा बाहेर काढला. आई ओली माती कानाशी धरून बोटांनी चोळायची, एवढं मला आठवतंय. पण कानाला काय ऐकू यायला हवं, ते मला कुणी सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं. तर तेवढं कळव, पोरीच्या वहीसाठी.

जुनं उकरायला मी लिहीत नाहीये. सिमेंट गावाने ठरवलं होतं. त्यावरून आईच्या मयतीत जे वाजलं ते वाजलं. तुझं अलामोसा इथून तीन तासांवर आहे आणि एकतीस वर्षं झाली, दोघींनीही ठरवूनच तोंड पाहिलं नाही.

ओर्लिंदा

१७ नोव्हेंबर २००३

कोरीना,

उत्तर नाही. बरं. मी पुन्हा लिहिते, कारण आता प्रश्न वहीचा राहिलेला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी येसी चर्चमध्ये मापं घेत होती. उत्तरेच्या भिंतीला आतून, जमिनीलगत, चुन्याला फोड आल्यासारखा फुगवटा दिसला तिला. खिशात माझी विणायची सुई होती, माप धरायला नेलेली. तिने ती टोचली. कोरीना, सुई जोर न लावता टोकापर्यंत आत गेली. बाहेर काढली तर तिला मक्याच्या पेजेसारखा, आटोल्यासारखा पातळ चिखल. पोरगी धावत आली, "आजी, भिंत ओली आहे. आतून ओली आहे." खोटं कशाला बोलू, तुझाच आवाज कानात आला.

शुक्रवारी सांता फेहून इंजिनिअर आला. चांगला मुलगा आहे, दोन वाट्या चिली मुकाट्याने खाल्ली. त्याने बाहेरून सिमेंटला खिडकीएवढं भोक पाडलं. आत चौतीस वर्षांचं पाणी. छपरावरून झिरपलेलं, जमिनीतून वर चढलेलं, आणि बाहेर पडायला जागा नाही. खालच्या चार थरांच्या विटा राहिल्याच नाहीत, नुसता गारा. तो म्हणाला, "आजी, उभं आहे ते सिमेंट आहे. भिंत केव्हाच बसलीय."

एकोणसत्तरच्या त्या सिमेंटच्या सभेत तू बाकावर चढून हेच ओरडत होतीस ना? "मातीला घाम येतो. वाळायला वाट ठेवली नाहीत तर आतल्या आत कुजेल." आणि लोक हसले होते. तेओफिलो आर्चुलेता, तेव्हाचा कारभारी, त्याने आपली हॅट फिरवली. प्रत्येकाच्या हातात दोन दाणे, एक पांढरा घेवडा, एक वाघ्या. माती हवी तर पांढरा टाका, सिमेंट हवं तर वाघ्या, मूठ झाकून. बारा वाघ्या निघाले आणि अकरा पांढरे.

तुझं बरोबर होतं. घे, लिहिलं. लिहिताना हात काही मोडला नाही.

आता ऐक. चर्चच्या वरच्या कचेरीतून निरोप आलाय, की जूनपर्यंत गावाने सिमेंट काढून मातीचं काम सुरू केलं तर ठीक, नाहीतर इमारत धोक्याची म्हणून पाडून टाकतील. गावात राहिलोय आम्ही चाळीस डोकी, त्यातली निम्मी काठी घेऊन चालणारी. लिंपणाऱ्या बायांची मी बोटांवर मोजदाद केली. क्लेओफास गेली, एउफेलिया गेली, रामोनाला आता स्वतःचं नाव आठवत नाही. आपल्या खड्ड्यातल्या मातीचं गणित डोक्यात असलेलं माणूस जगात एकच उरलंय आणि ते माझ्या पत्रांना उत्तर देत नाही.

येसीने वाचनालयातून शोधून आणलंय. पहिल्या प्रश्नाला सगळी मुलं 'पाद्र्यांनी बांधलं' असं लिहितात. पण पाद्र्यांनीच लिहून ठेवलंय म्हणे, की इथल्या मूळच्या लोकांमध्ये भिंती बायकाच उभारायच्या, आणि पुरुषाला ते काम सांगितलं तर बाकीचे त्याला हसायचे. तिने मला विचारलं, "मग त्यांची नावं कुठे आहेत?" मी म्हटलं, नाहीत. त्यांना कुणी विचारून काम दिलं होतं का, हेही मला ठाऊक नाही. तिने पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, 'बायकांनी. नावं कुणी लिहिली नाहीत.'

ओर्लिंदा

९ डिसेंबर २००३

कोरीना,

कार्ड आलं! पोस्टातला पोऱ्या म्हणाला, "ओर्लिंदाबाई, रडताय काय, वीजबिल आहे का?" मी म्हटलं, हो, वीजबिलच आहे, जा तू.

एकतीस वर्षांनी सात ओळी, आणि त्यात साधं 'प्रिय' नाही. शोभतं हो तुला. मी ते कार्ड तव्याच्या वरच्या खिळ्याला लावलंय, आणि येसीने सगळं वहीत उतरवून घेतलंय: 'सिमेंट एकदम काढू नका. एका वेळी एक भिंत, वरून खाली. आधी पायाशी चर खणा, पाणी भिंतीपासून लांब जाऊ दे. थंडीत लिंपायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. मातीला दुप्पट वाळू असं पुस्तकात असतं, ते आपल्या खड्ड्याला चालत नाही, पावणेतीन पट लागते. कानाशी चोळल्यावर साखर चावल्यासारखा आवाज यायला हवा. तेओफिलोने पाप केलं आणि निस्तरायला तेरा वर्षांची पोर.'

चर खणला. म्हणजे रुबेन आणि आणखी दोघांनी खणला, मी काठीने दाखवत होते आणि ते मला घरी जा म्हणत होते. उत्तरेच्या भिंतीचं सिमेंट वरून हातभर काढलंय. उघडी माती पाहिली तेव्हा मला एकदम जूनचा वास आला, डिसेंबरात. खुराडंही पुन्हा लिंपलं, पावणेतीनने, घरातली शेगडी बाहेर नेऊन वाळवलं. एक भेग नाही. येसी कानाशी माती चोळत "साखर, साखर" करत घरभर हिंडत होती. गालावर, केसांत, सगळीकडे माती.

प्रकल्पात गावातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची असते. तिने टेपरेकॉर्डर लावून मला समोर बसवलं. चौथा प्रश्न, बदल कोणी केले? मी म्हटलं, गुप्त मतदान होतं, मला काय माहीत. ती म्हणाली, "गावात सगळे म्हणतात तेओफिलो आर्चुलेताचा दाणा होता. त्यानेच सिमेंटवाल्याला बोलावलं होतं." मी म्हटलं, म्हणत असतील. तिने त्याचं नाव लिहिलं.

तेओफिलोबद्दल काय बोलायचं, माणूस जाऊन तेवीस वर्षं झाली. तू त्याला आईच्या शवपेटीला खांदा देऊ दिला नाहीस, सगळ्यांसमोर. "माझ्या आईचे हात तू बांधलेस," असं म्हणालीस. तो हॅट हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला. मी तुला म्हटलं, त्याला बोलायचं नाही, चालती हो इथून. असो. तामालेंचं पीठ भिजवायचंय.

ओर्लिंदा

२० जानेवारी २००४

कोरीना,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता खाडाखोड झाली तरी हेच टाकणार.

बेनिता आली होती काल. तेओफिलोची धाकटी, आठवते ना, वेण्या घालायची ती. आता तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. तिचा नातू येसीच्या वर्गात आहे. येसीने वर्गात आपलं लिखाण वाचून दाखवलं, आणि पोराने घरी जाऊन सांगितलं. बेनिता दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर येईना.

"माझ्या बापाचं नाव शाळेच्या वहीत कुणी घातलं?"

येसी घाबरली. म्हणाली, "सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात! अकरा वर्षं म्हणत होते त्याच्या तोंडावर. त्याने सिमेंटवाल्याला बोलावलं, कारण कारभारी होता आणि गावाने बोलावायला सांगितलं होतं. दाणा त्याने पांढरा टाकला. मरताना सुद्धा तेच म्हणाला, मी पांढरा टाकला होता. आम्ही सुद्धा धड विश्वास ठेवला नाही गं, आम्ही, त्याच्या पोरींनी!" आणि ती दारात रडायला लागली.

कोरीना, माझा दाणा वाघ्या होता.

बारा होते, मला माहीत आहे. कुणीही म्हणू शकतं, माझ्यामुळे नाही. पण तू सभेआधी घरोघर फिरून बारा पांढरे मोजून आली होतीस. त्या बारात मी होते. तेओफिलोही होता. त्याने शब्द पाळला आणि मी नाही. तू फसवणारा शोधत होतीस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते, आणि तुझ्या हातात पाण्याचा पेला दिला होता.

कारण सांगते. आधीच्या जूनमध्ये आई परांचीच्या वरच्या फळीवर उभी होती आणि मी खालून बादली देत होते. तिचा डावा पाय थरथरत होता. अडुसष्ट वर्षांची बाई, संधिवाताने बोटं वाकडी. संध्याकाळी मी तिच्या भेगांना चरबी लावायचे तेव्हा ती दात आवळून गाणं म्हणायची, मला कळू नये म्हणून. मला वाटलं, सिमेंट झालं की ती वर चढणार नाही. एवढंच होतं माझ्या मनात.

मयतीत मी तुला हाकललं, कारण तो निर्दोष आहे हे मला माहीत होतं आणि सांगायची छाती नव्हती.

उरलेला पांढरा दाणा मी खिशात घालून घरी आणला. टाकवेना, म्हणून परसात पेरला. उगवला मेला. चौतीस वर्षं मी त्याचं बी धरते आणि पुन्हा पेरते. एकदाही शिजवला नाही.

आता तू कार्ड पाठवलं नाहीस तरी मला समजेल.

ओर्लिंदा

३ मार्च २००४

कोरीना,

सहा आठवडे झाले. मी रोज पेटी उघडते आणि पोस्टातला पोऱ्या माझ्याकडे बघायचं टाळतो.

गुरुवारी उत्तरेचा कोपरा कोसळला. बर्फ वितळायला लागलं आणि सकाळी दहाच्या सुमारास नुसता धप्प असा आवाज आला. कुणाला लागलं नाही. सिमेंटचा पत्रा तसाच वाकून उभा आणि मागची भिंत पोत्यातून सांडल्यासारखी बाहेर. आतल्या तुळईचं टोक उघडं पडलंय. रुबेनने टेकू लावलेत. इंजिनिअर म्हणाला, बाकीच्या तीन भिंती वाचतील, हाही कोपरा पुन्हा उभा करता येईल, पण जूनच्या पलीकडे तो पाडणाऱ्यांना थोपवू शकणार नाही.

मागच्या पत्रात मी एक कारण लिहिलं. ते खरं होतं, पण ते छान दिसणारं कारण होतं. दुसरं आता लिहिते.

मला लाज वाटायची. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होते, आठवतं ना? जूनमध्ये उन्हाळी वर्गांच्या पोरांना जेवण वाढायचं. वाढायला उभं राहायच्या आधी मुख्य बाई आमची नखं बघायची. माझ्या नखांत माती असायची, कितीही घासली तरी. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "चर्च सारवून आलीस वाटतं?" आणि तिकडून एक पोरगं म्हणालं, चिखलवाली. सदतिसाव्या वर्षी मी पातेल्यामागे उभी राहून रडले. पलीकडच्या गावाच्या चर्चला सिमेंट झालं होतं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र. मला तसं हवं होतं. आईचा पाय थरथरत होता हे खरं, पण दाणा टाकताना मला माझी नखंही दिसत होती.

आणि जिच्या नावाने हे केलं, तिचं काय झालं ते तू बघितलं नाहीस. सत्तरच्या जूनमध्ये आई सवयीने पहाटे उठली, डोक्याला फडकं बांधलं, आणि अंगणात येऊन उभी राहिली. मग खुर्चीवर बसली. मला म्हणाली, "आता मी उन्हाळ्यात काय करू?" मी म्हटलं, आराम कर. ती म्हणाली, "बरं." पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडे अलामोसाला निघून गेली, तुझी पोरं सांभाळायला. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून गेली. मरेपर्यंत दर जूनला जायची. मी तिला कधी विचारलं नाही.

आता झालंय ते सांगते. मी येसीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, टेपवर तू खोटं बोललीस." मी म्हटलं, हो. तिने वही काढली आणि तेओफिलोचं नाव खोडलं. खोडताना हात इतका दाबला की कागद फाटला. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी चर्चमध्ये उभी राहिले, टेकूंच्या मधोमध, आणि सगळ्यांना सांगितलं. एकवीस जण होते. कुणी ओरडलं नाही, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. बेनिता उठली, माझ्याजवळ आली, आणि म्हणाली, "आता माझ्या बापाच्या कबरीवर जाऊन सांग. माझं ऐकून झालंय."

मी अजून गेले नाही. एकटीने जायला पाय उचलत नाहीत.

कोरीना, मला माफ नको करूस हवं तर. पण भिंतीसाठी ये. पोरीसाठी ये. वीस मैलांवरून माणसं बोलावून सिमेंट फोडता येतं, पण आपली माती मला जमत नाही आणि मी ती कुणाला शिकवू शकत नाही.

तुझी,
ओर्लिंदा

४ मे २००४

कोरीना,

पुडकं पोचलं. आधी वासच आला. आईचं मेंढीचं कातडं! शेवटचा हात फिरवायचा तो तुकडा, एका कडेला तिने दात लावून फाडलेला. म्हणजे तो तूच नेला होतास. एकतीस वर्षं मी म्हणत होते, की क्लेओफासने चोरला. आता तिच्याही कबरीवर जावं लागणार, माझी उन्हाळ्याची कामं वाढतच चाललीयत.

आणि तुझी चिठ्ठी, तेवढीच: 'कोमट पाण्यात भिजत ठेव. वीस तारखेला येते. शिडी मजबूत आहे का बघ.'

मी कातडं भिजवलं. पाणी लाल झालं कोरीना. इतक्या वर्षांनी माती निघाली त्यातून, आणि तीही मऊ, ताजी. मी कितीतरी वेळ बादलीकडे बघत बसले आणि मला कळेना, की ही माती ताजी कशी.

उत्तरेच्या भिंतीचं सिमेंट उतरवून पडलेला कोपरा नव्या कच्च्या विटांनी उभा केलाय. शिडीही नवीन केलीय. रुबेन तीनदा चढून उड्या मारून आला.

ओर्लिंदा

२३ मे २००४, रविवार

कोरीना,

तू येसीला घेऊन खड्ड्यावर गेलीयस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. हसशील. पण तीन दिवस तू माझ्यासमोर आहेस आणि तोंडातून चिली वाढू का, उशी हवी का, याशिवाय काही निघत नाही. पत्राची सवय झालीय. टेबलावर ठेवते, हात धुतल्यावर वाच.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी ओळखलं नाही, म्हणजे आई उतरली असं वाटलं. तू मिठी मारली नाहीस. बॅग माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "आधी तेओफिलो." घरात पाय ठेवायच्या आधी. मी मुकाट्याने मागोमाग. कबरीशी उभी राहून तू मोठ्याने बोललीस, तो बहिरा असल्यासारखी: "तेओफिलो, तुला मी खोटारडा म्हटलं, तू नव्हतास. खांदा देऊ दिला नाही, तेही चुकलं. पण सभेत माझ्यावर खेकसला होतास, ते मी विसरलेले नाही." मला रडू आणि हसू एकदमच आलं. मग तू बाजूला सरलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी सांगितलं त्याला. फार काही नाही. एवढंच, की वाघ्या माझा होता आणि मी गप्प बसले. तू शेजारी उभी होतीस म्हणून बोलता आलं.

परतताना तू म्हणालीस, "तुझ्याशी माझं भांडण संपलेलं नाही, ओर्लिंदा. पण माती भिजवली की ती कुणासाठी थांबत नाही." मी म्हटलं, बरं. इतकं छान मला बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

आणि मग काल, चाळणी मारताना, येसीने विचारलं म्हणून तू जे सांगितलंस. एवढ्या सहज सांगितलंस, वाळूतले खडे वेचता वेचता. आई दर जूनला तुझ्याकडे यायची ती पोरं सांभाळायला नाही. आल्या आल्या फडकं बांधायची आणि लिंपायला घ्यायची. तुझं खुराडं, तुझी भाकरीची भट्टी, मग शेजाऱ्याचं कोठार. एकाहत्तर साली, सत्तर वर्षांची बाई, शिडीवर, आणि तू खाली उभी राहून ओरडतेस, "उतर गं, पडशील." ती म्हणायची, "ओर्लिंदाला सांगू नकोस, काळजी करते." तू ते कातडं दर वर्षी वापरतेस, तिच्यामागे तूच ती भट्टी लिंपतेस, हेही कालच कळलं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या त्या दाण्याने आईची शिडी काही सुटली नाही." मी आत येऊन एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. कांदा चिरत होते असं सांगितलं, ते खोटं. कांदा घरात नव्हताच.

चौतीस वर्षं मला वाटत होतं, मी तिचा उन्हाळा काढून घेतला. तो तिने तुझ्याकडे नेला होता. आणि तुला ठाऊक होतं, पण माझ्या डोक्यात काय घोळतंय हे तुला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बोललो असतो तर एका दुपारीत संपलं असतं हे. दोघीही गाढव, आणि तू थोरली गाढव मलाच म्हणशील, कारण वयाने मी मोठी.

चुलीवर पांढरा घेवडा शिजतोय. हो, तोच. पहिल्यांदाच. बी पुरतं मूठभर काढून ठेवलंय, बाकी सगळा पातेल्यात. बेनितालाही बोलावलंय जेवायला. ती म्हणाली, "कसले घेवडे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मीठ बेतानं घाल, माझं प्रेशर चढतं," म्हणजे येणार.

येसीने आज सकाळी प्रकल्पाचा कागद माझ्यापुढे ठेवला. शुक्रवारी द्यायचाय. चौथ्या प्रश्नापुढे आता असं आहे: '१९६९ साली सिमेंट लावलं. बारा जणांनी ठरवलं, त्यात माझी आजी ओर्लिंदा होती. तेओफिलो आर्चुलेता नव्हते. २००४ साली पुन्हा माती लावली. माती कोरीनाने कालवली, वाळू येसेनियाने चाळली.' खाली एक ओळ कोरी सोडलीय. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणते, "पहिल्या बायकांची नावं राहिली. आता एकीचंही राहायला नको. तुझं काम झालं की लिहीन."

दुपारी ऊन कललं की तू उत्तरेच्या भिंतीशी शिडी लावून वर चढणार. सदुसष्ट वर्षांची आहेस, तुझाही डावा पाय थरथरतो, काल मी बघितलंय. मी 'चढू नकोस' म्हणणार नाही. तू चढ. शिडी मी धरते.

ओर्लिंदा